गाव गॅलिसियात, गाणं हवानात

सान्तियागो दे कोम्पोस्तेलात माझी खोली जुन्या गावातल्या एका दगडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर होती. घरमालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. जिना चढताना धाप मला लागली, त्यांना नाही. दारापाशी पोचल्यावर त्यांनी ॲप्रनच्या खिशातून वीतभर लांबीची लोखंडी किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आ चावे."

"चावी?" मी विचारलं.

"चावे," त्यांनी सुधारून दिलं आणि या बाईला काही कळत नाही असं ठरवून कुलूप उघडून दाखवलं.

मला थोडंफार कळत होतं. येण्याआधी वर्षभर स्पॅनिशच्या शिकवणीला जात होते. स्पॅनिशमध्ये किल्लीला 'यावे' म्हणतात, एवढं तरी पाठ होतं. त्याच रात्री पाऊस कोसळायला लागला. खिडकीच्या चौकटीतून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा बाई बादली घेऊन वर आल्या. बादलीला त्या 'बाल्दे' म्हणाल्या. न्हाणीघरातल्या वडीकडे बोट दाखवून 'शाबोन'. स्पेनमध्ये येऊन चार दिवस झाले होते, आणि पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या घरातल्या भाषेत बोलत होतं.

कोडं अवघड नाही. चावी, बादली, साबण हे शब्द मराठीत आले ते पोर्तुगिजांबरोबर, गोवा-वसईच्या वाटेनं. आणि बाई बोलत होत्या ती गलेगो भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण, खरं तर थोरली. चौदाव्या शतकापर्यंत मिन्यो नदीच्या दोन्ही काठांवर एकच भाषा होती. बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं, नदीची सरहद्द झाली, आणि पुढं दक्षिणेकडच्या बहिणीनं जहाजं काढून मलबारपर्यंत मजल मारली. उत्तरेकडची घरीच राहिली. तिची माणसं मात्र घरी राहिली नाहीत. १५०१ साली पोर्तुगालच्या राजानं हिंदुस्थानात पाठवलेल्या तिसऱ्या आरमाराचा कप्तान जुआंव द नोव्हा हा ओउरेन्से प्रांतातल्या मासेदाचा, म्हणजे गॅलिसियन. कण्णूरच्या समुद्रात तो लढला, येता-जाताना अटलांटिकमधली दोन बेटं त्यानं नकाशावर आणली आणि १५०९ साली कोचीत मेला. पोटासाठी परमुलखात जाऊन परक्यांची चाकरी करणाऱ्या गॅलिसियनांच्या यादीत त्याचं नाव बरंच वर लिहावं लागेल.

बाईंच्या घरातली यादी न्याहारीच्या वेळी कळली. आजोबा क्युबाला गेले ते परत आले नाहीत. वडिलांनी व्हेनेझुएलात अकरा वर्षं काढली. बाई स्वतः झुरिकच्या एका हॉटेलात एकोणीस वर्षं खोल्या आवरत होत्या. भाऊ ब्युनोस आयर्सला, मुलगी लंडनला.

"मग गावाकडे कोण?" मी विचारलं.

"एक गाय होती," बाई म्हणाल्या. "ती विकली."

असं कोरड्या चेहऱ्यानं बोलण्याला इथे 'रेत्रान्का' म्हणतात. गॅलिसियन माणूस जिन्यात भेटला तर तो वर चाललाय की खाली हे सांगता येत नाही, अशी त्यांची उर्वरित स्पेनमध्ये ख्याती आहे. विचारलं तर उत्तर येतं, 'देपेन्दे'. म्हणजे बघू, ठरवू, अवलंबून आहे. मला हा स्वभाव अनोळखी वाटला नाही. कोकणात माझं अर्धं गणगोत असंच बोलतं.

गॅलिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा. पोलंड-युक्रेनच्या सीमेवरचा गॅलिसिया निराळा. ग्रंथालयात दोघांची पुस्तकं एका फळीवर लावलेली मी पाहिली आहेत. इथे चार प्रांत आहेत: आ कोरुन्या, लुगो, ओउरेन्से आणि पोन्तेवेद्रा. वस्ती सुमारे २७ लाख. माद्रिदहून डिसेंबर २०२१ पासून वेगवान गाडी येते, सव्वादोन तासांत ओउरेन्सेला पोचवते. गाडीतून कास्तिलचं पिवळं, कोरडं पठार दिसत राहतं, मग बोगद्यांची रांग लागते, आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडावं तर सगळं हिरवं, ओलं आणि धुक्यात बुडालेलं. बैलांच्या झुंजी आणि फ्लामेन्कोचा स्पेन मागं राहिलेला असतो. इथलं वाद्य गायता, म्हणजे पिशवीची सनई.

गावंही वेगळी. स्पेनमधल्या एकूण वाड्या-वस्त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या गॅलिसियात आहेत. एकेक वाडी चार-सहा घरांची, आणि प्रत्येक घराच्या अंगणात एक 'ओरेओ'. पहिल्या दिवशी मला वाटलं, या लोकांनी दारात थडगी का बांधली आहेत. ग्रॅनाइटच्या चार-सहा खांबांवर पेटीसारखी लांबट खोली, भिंतींना हवेसाठी फटी, छपरावर एका टोकाला क्रूस. आत मका. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखा एक सपाट गोल दगड बसवलेला असतो. उंदीर खांबावरून चढतो, या दगडाच्या खालच्या अंगाला येतो आणि त्याला पालथं चालता येत नाही म्हणून तिथेच अडकतो. मी एका ओरेओच्या खाली उभी राहून तो दगड हातानं चाचपून पाहिला. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा गुळगुळीत घासलेली होती. ज्यानं घडवला त्याला उंदराचा स्वभाव पक्का माहीत असणार.

हे लोक मूळचे कोण, हा प्रश्न गॅलिसियात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: केल्ट. आयरिश लोकांचे चुलतभाऊ. विगोच्या फुटबॉल क्लबाचं नावच सेल्ता, १९२३ पासून. मी ते उत्तर घेऊन अगदी दक्षिणेला, मिन्योच्या मुखावरच्या आ ग्वार्दाला गेले. बस चुकली, पुढची दोन तासांनी होती, त्यामुळे सान्ता त्रेगा डोंगरावर पोचेपर्यंत दुपार कलली. तिथे उतारावर 'कास्त्रो' आहे, म्हणजे लोहयुगीन डोंगरवस्ती. शेकडो दगडी घरांचे पाये, आणि बहुतेक सगळे गोल. कोपरा म्हणून नाही. दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढ्या वाटा, पावसाचं पाणी वाहून न्यायला दगडी पन्हळी, दाराच्या बाजूला जनावर बांधायची जागा. ही वस्ती सर्वांत गजबजली ती इसवी सनाच्या आगेमागे, म्हणजे रोमन आल्यानंतर. खाली एका अंगाला नदी, पलीकडे पोर्तुगाल, समोर अटलांटिक.

रोमन आले ते इ.स.पू. १३७ च्या सुमारास, देसिमुस युनिउस ब्रुतुस या सेनापतीबरोबर. वाटेत लिमिया नदी लागली. ही विस्मृतीची नदी, ओलांडली की माणूस घर, नाव, सगळं विसरतो, अशा समजुतीनं सैनिक काठावर अडून बसले. ब्रुतुसनं निशाण हातात घेतलं, एकट्यानं नदी पार केली आणि पलीकडून एकेका सैनिकाला नावानं हाक मारली, अशी कथा सांगतात. नावं त्याच्या लक्षात होती, म्हणजे नदी निरुपद्रवी. मग सगळे पार झाले. तिथल्या 'काल्लाइकी' टोळीला हरवलं म्हणून ब्रुतुसला 'काल्लाइकुस' ही पदवी मिळाली. एका टोळीचं नाव पुढं साऱ्या प्रदेशाला चिकटलं: गाल्लाएकिया, आणि त्याचं गॅलिसिया. रोमनांच्या खुणा आजही ठसठशीत आहेत. लुगो शहराभोवतीचा दोन किलोमीटरांहून लांब तट अखंड उभा आहे आणि लोक त्याच्यावरून संध्याकाळी फिरायला जातात. मीही एक फेरी मारली; कुत्री घेऊन निघालेल्यांनी मला दोनदा मागं टाकलं.

पुढं ४०९ साली सुएवी नावाचे जर्मन लोक आले. त्यांनी ब्रागाला राजधानी करून राज्य थाटलं, ते ५८५ साली व्हिसिगॉथांनी गिळलं. नवव्या शतकात संत याकोबाची कबर सापडल्याची बातमी फुटली आणि सान्तियागो उभं राहिलं. त्या कबरीकडे पायी जाणाऱ्यांच्या यात्रेबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. वारीशी तुलना करण्याचा मोहसुद्धा आवरते.

मग केल्ट कुठून आले? बरेचसे एकोणिसाव्या शतकातून. मानुएल मुर्गिया या इतिहासकारानं १८६५ पासून गॅलिसियाचा इतिहास लिहायला घेतला आणि आपण कास्तिलवाल्यांपेक्षा वेगळे का, याचं उत्तर केल्टांमध्ये शोधलं. एदुआर्दो पोन्दाल या कवीनं मध्ययुगीन आयरिश ग्रंथातला ब्रेओगान राजा उचलला. या राजानं म्हणे स्पेनच्या किनाऱ्यावर उंच मनोरा बांधला, आणि एका स्वच्छ संध्याकाळी त्याच्या मुलाला त्यावरून आयर्लंड दिसलं. आ कोरुन्यातला हर्क्युलिसचा मनोरा तोच, अशी इथल्यांची श्रद्धा. पायथ्याशी ढालतलवार घेतलेला ब्रेओगानचा पुतळाही आहे. मनोरा प्रत्यक्षात रोमनांनी बांधलेला दीपस्तंभ. बांधणाऱ्या स्थपतीचं नाव शेजारच्या शिलालेखात कोरलेलं आहे, आणि दिवा अजून लागतो. वर चढून मी आयर्लंडच्या दिशेला पाहिलं. ढग दिसले.

डोंगरवस्त्या, दागिने, काही गावांची नावं यांत केल्टांशी नातं दाखवता येतं, पण भाषा नखशिखांत लॅटिनची लेक. जनुकं तर आणखी गमतीची गोष्ट सांगतात. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये स्पेनच्या लोकसंख्येचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर आफ्रिकेचा वारसा सर्वांत जास्त, अकरा टक्क्यांपर्यंत, आढळला तो पश्चिमेकडच्या पट्ट्यात, गॅलिसिया धरून. मुसलमानी राजवट शतकानुशतकं नांदली त्या दक्षिणेतही तो इतका नाही. शिवाय गॅलिसियात शेजारशेजारच्या खोऱ्यांतली माणसंही जनुकांवरून निराळी ओळखता येतात. इतका काळ माणसं आपापल्या दरीतच लग्नं करत राहिली. बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "देपेन्दे."

माझं मत विचाराल तर केल्टांची कथा खोटी असली तरी निरर्थक नाही. गॅलिसियाला तिची गरज होती. पण गॅलिसिया हे एक आहे, त्याला स्वतःचं निशाण हवं, गाणं हवं, अकादमी हवी, हे जेवढं गॅलिसियात ठरलं तेवढंच गॅलिसियाबाहेर ठरलं. गाव सोडून गेलेल्यांनी तिथून हे गाव घडवलं.

जाणं जुनंच होतं. उन्हाळ्यात कापणीला टोळ्याच्या टोळ्या कास्तिलला जायच्या. लिस्बनमध्ये घरोघरी पाणी भरणारे गॅलिसियन इतके, की 'गालेगो' म्हणजेच हलकी कामं करणारा, अशी तिथे शिवी झाली. कारण जमिनीत होतं. जमीन मठांची आणि सरदारांची, कसणाऱ्याकडे ती 'फोरो' नावाच्या पिढीजात खंडावर. तो खंड थेट १९२६ साली कायद्यानं मोडीत निघू लागला. वाटण्या होत होत शेताचे रुमाल झाले. त्यात १८५३ साली ओला दुष्काळ पडला. त्याच वर्षी सरकारनं अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींकडे जायला वाट मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी ओउरेन्सेकडच्याच उर्बानो फेइहो दे सोतोमायोर या क्युबातल्या मळेवाल्यानं सुमारे १,७०० गॅलिसियन मजूर करार करून तिकडे नेले आणि त्यांना गुलामांसारखं राबवलं. काही तिथेच मेले. प्रकरण माद्रिदच्या संसदेपर्यंत गेलं. आपल्याच मुलखातला माणूस मुकादम झाला की काय होतं, याचा हा दाखला.

तरी लोक थांबले नाहीत. सैन्यातली सक्तीची भरती चुकवायची होती, वाफेची जहाजं स्वस्त झाली होती, आणि गावोगाव हिंडून तिकिटं खपवणारे दलाल होतेच. त्यांना 'गांचो' म्हणत, म्हणजे आकडा, मासा पकडायचा. १९व्या शतकाच्या मध्यापासून १९६० पर्यंत पंधरा ते वीस लाख गॅलिसियन अमेरिका खंडात गेले असा अंदाज आहे. क्युबा, अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, मागाहून व्हेनेझुएला. पनामाचा कालवा खोदणाऱ्यांतही ते होते. १९६० नंतर ओघ वळला तो स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्सकडे. ब्युनोस आयर्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेवढे गॅलिसियन होते तेवढे गॅलिसियातल्या कुठल्याच शहरात नव्हते. म्हणून त्याला पाचवा प्रांत म्हणतात. अर्जेंटिनात तर स्पेनहून आलेला कुणीही 'गाशेगो', मग तो सेव्हिलचा का असेना. त्यांच्यावर आपल्याकडच्या सरदारजींसारखे विनोद. 'माफाल्दा' या चित्रमालिकेतला वाण्याचा मठ्ठ पण व्यवहारी मुलगा मानोलितो आठवा. तोही गाशेगोचाच पोरगा.

आ कोरुन्याच्या बंदरावर १९५७ साली मानुएल फेर्रोल या छायाचित्रकारानं 'हुआन दे गाराय' या जहाजानं निघालेल्यांचे फोटो काढले. त्यातला एक स्पेनभर माहीत आहे. एक बाप आणि त्याचा दहा-एक वर्षांचा मुलगा. दोघंही रडताहेत. बापाचा चेहरा असा मोडलाय की हसतोय की काय असं क्षणभर वाटावं. इतकी वर्षं मी हा फोटो पाहत आले आणि हे दोघं निघालेत असंच समजत होते. इथे आल्यावर कळलं, ते कुठेच चालले नव्हते. ते पोचवायला आले होते. निघालेले लोक चौकटीबाहेर आहेत.

बंदर सोडलं की सुटलो असंही नव्हतं. रिबेइराच्या पुढं आगिन्यो नावाच्या कोळ्यांच्या गावी धक्क्यावर उभं राहिलं की समोर साल्वोरा बेट दिसतं. आता ते राष्ट्रीय उद्यानात आहे, जायला परवाना लागतो, आणि ऑक्टोबरात पर्यटकांच्या होड्या बंद. मी किनाऱ्यावरूनच पाहिलं: खालची काळी खडकांची रांग आणि त्यावर फुटणारी पांढरी लाट. २ जानेवारी १९२१ च्या पहाटे 'सान्ता इसाबेल' ही आगबोट या खडकांवर आदळली. अमेरिकेला निघालेली माणसं ती बंदराबंदरांतून गोळा करत कादिसला नेत होती. तिथे मोठं जहाज मिळायचं होतं. २१३ माणसं बुडाली. नवीन वर्षाच्या सणासाठी बेटावरचे बहुतेक पुरुष मुख्य भूमीवर गेले होते. बेटावर होत्या बायका. त्यांतल्या तीन-चार जणींनी 'दोर्ना' म्हणजे मासेमारीची छोटी होडी लोटली, अंधारात, त्या समुद्रात वल्ही मारत गेल्या आणि वीसेक जीव ओढून आणले. वल्हवायला त्या कधी शिकल्या, असं मी धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पुरुष इथे असायचे कधी?"

पुरुष नसलेल्या या गावांवर ज्या बाईनं लिहिलं तिचं घर पाद्रोनला आहे. रोसालिया दे कास्त्रो (१८३७-१८८५), मुर्गियाची बायको. पण आज मुर्गियाला लोक तिचा नवरा म्हणून ओळखतात. १८६३ साली १७ मेला तिनं 'कान्तारेस गाशेगोस'ची अर्पणपत्रिका लिहिली. सोळाव्या शतकापासून जी भाषा फक्त स्वयंपाकघरात आणि गोठ्यात उरली होती तिच्यातलं हे पहिलं मोठं पुस्तक. तो १७ मे आता गॅलिसियन साहित्यदिन आहे. तिचं दुसरं पुस्तक, 'फोशास नोव्हास', १८८० सालचं. त्यातल्या एका भागाचं शीर्षक आहे 'जित्यांच्या विधवा आणि मेलेल्यांच्या विधवा'. जित्यांच्या विधवा: नवरा हवानात आहे, जिवंत आहे, पत्र नाही, पैसा नाही, काळा पदर मात्र नाही. अर्पणपत्रिका हवानातल्या गॅलिसियन मदतसंस्थेला. म्हणजे ज्यांनी या बायका मागं ठेवल्या त्यांनाच. (पाद्रोनची मिरची प्रसिद्ध आहे, कुठली तिखट निघेल सांगता येत नाही म्हणतात. मी ताटभर खाल्ल्या. एकही निघाली नाही.)

आता हवाना. १८७९ साली तिथे 'सेन्त्रो गाशेगो' स्थापन झालं: दवाखाना, रात्रशाळा, नाचगाणी, मयताचा खर्च. १९१५ साली त्यांनी शहराच्या मधोमध राजवाड्यासारखी इमारत बांधली. तेच आजचं हवानाचं ग्रँड थिएटर. २०१६ साली बराक ओबामांनी क्युबन जनतेपुढे भाषण केलं ते याच इमारतीत; वाण्यांच्या नोकरांनी आणि बिगाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेल्या घरात. २० डिसेंबर १९०७ रोजी हवानातच एक गाणं पहिल्यांदा सार्वजनिकरीत्या वाजलं. शब्द पोन्दालचे, चाल पास्कुआल वेइगाची. तेच आज गॅलिसियाचं अधिकृत गीत आहे, आणि ते ऐकायला दोघांपैकी एकही तिथे नव्हता. वेइगा तर आदल्या वर्षीच वारला होता. या मागं धडपड होती फोन्तेन्ला लेआल या लिथोग्राफीच्या छापखान्यातल्या कामगाराची. भाषेला अकादमी हवी म्हणून हवानात समिती काढून पैसे जमवणाऱ्यांतही पुढं तोच. १९०६ साली आ कोरुन्यात अकादमी उघडली, अध्यक्ष मुर्गिया.

झेंड्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. पांढऱ्यावर निळा तिरपा पट्टा. आ कोरुन्या बंदराचं नौदलीय निशाण पूर्वी पांढऱ्यावर निळी फुली असं होतं. पण रशियाच्या झारचं आरमार तेच निशाण लावायचं, म्हणून १८९१ साली फुलीचा एक पाय काढून टाकला. जहाजावर चढणाऱ्यांनी मागं वळून पाहिलं की धक्क्यावर हे फडकताना दिसायचं. त्यांना वाटलं, हाच आपल्या मुलखाचा झेंडा. तिकडे जाऊन त्यांनी तो लावला, आणि तिकडून तो इकडे आला. निदान इथे असंच सांगतात. १९८४ साली तो कायद्यानं अधिकृत झाला, गीताबरोबरच.

पैसाही परत आला. एकेका गावच्या लोकांनी हवानात, ब्युनोस आयर्समध्ये आपल्या गावाच्या नावानं मंडळ काढायचं, वर्गणी गोळा करायची आणि गावी शाळा बांधायची. अशा दोनशेच्या वर शाळा झाल्या. परळ-लालबागच्या खोल्यांतून चालणारी कोकणातली ग्रामस्थ मंडळं आठवली नाहीत तरच नवल. शाळेच्या दर्शनी भिंतीवर घड्याळ असायचं आणि अभ्यासक्रमात हिशेब, भूगोल, पत्रलेखन. पुढच्या निघणाऱ्यांची तयारी. श्रीमंत होऊन परतलेला तो 'इन्दियानो'. त्याचं घर लांबून ओळखू येतं: रंगीत टाइल्स, काचेचे सज्जे, आणि दारात ताडासारखं एक उंच पामचं झाड, दुनिया पाहिल्याची खूण. आ ग्वार्दात अशी रांगच आहे, बहुतेक प्वेर्तो रिकोच्या पैशाची. बेतान्सोसला गार्सिया नावेइरा हे दोन भाऊ अर्जेंटिनात पैसा करून आले. त्यांनी शाळा दिल्या, धुणं धुवायला छपराचा घाट बांधला आणि 'ओ पासातेम्पो' नावाची एक बाग केली, दुनियेचा अजबखाना: भिंतीवर इजिप्तचे पिरॅमिड, प्राणी, आणि जगातल्या शहरांच्या वेळा दाखवणारी कोरीव घड्याळं. शेवाळलेल्या त्या भिंतीपुढं मी बराच वेळ उभी होते. गावातल्या पोरांनी घर न सोडता जग पाहावं म्हणून बांधलेली बाग. आणि तीच पोरं मोठी होऊन ते जग खरंच आहे का पाहायला गेली असणार.

१९३६ साली पेटलेल्या यादवीनंतर भाषेची शाळा-कचेऱ्यांतून हकालपट्टी झाली. ती करणारा फ्रान्को स्वतः गॅलिसियाचाच, फेर्रोलचा. तसाच क्युबातल्या फिदेल कास्त्रोचा बापही लुगोकडच्या लांकाराचा. दोन टोकांना दोन हुकूमशहा एकाच मातीतले. याबद्दल इथले लोक फारसं बोलत नाहीत. गलेगो पुस्तकांची छपाई मात्र समुद्रापार चालू राहिली. चित्रकार, लेखक, राजकारणी कास्तेलाओ याचं 'सेम्प्रे एन गालिसा' ब्युनोस आयर्सला १९४४ साली निघालं; गॅलिसियन स्वाभिमानाचं ते मूळ पुस्तक. नेइरा विलासची एका शेतकऱ्याच्या पोराची कहाणी, गलेगोतल्या सर्वांत खपलेल्या पुस्तकांपैकी एक, तीही १९६१ साली तिथेच. कास्तेलाओ १९५० साली ब्युनोस आयर्सच्या सेन्त्रो गाशेगोच्या दवाखान्यात वारला. त्याच्या अस्थी परत आणायला १९८४ साल उजाडलं.

त्या आहेत सान्तियागोतच, बोनावालच्या जुन्या मठात, रोसालियाच्या शेजारी. त्याच मठात गॅलिसियन लोकजीवनाचं संग्रहालय आहे आणि त्यात दोमिंगो दे आन्द्रादेनं बांधलेला दगडी गोल जिना. एकाच दंडगोलात तीन वेगवेगळे जिने एकमेकांत गुंफलेत. वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांना दिसतात, भेटत मात्र नाहीत. मी एका वाटेनं चढले आणि चुकून भलत्याच मजल्यावर निघाले. जिन्यातल्या गॅलिसियनाबद्दलची ती म्हण कुणाला सुचली असेल तर इथेच सुचली असावी.

निघायच्या दिवशी चावी परत करायला गेले तेव्हा बाई फोनवर भावाशी बोलत होत्या. फोन ठेवल्यावर सांगितलं, ब्युनोस आयर्सचं हवामान, गुडघे, मग निवडणूक. २०२४ च्या फेब्रुवारीत गॅलिसियाच्या संसदेसाठी मतदान झालं तेव्हा यादीत सुमारे २७ लाख नावं होती, आणि त्यांतले जवळपास पावणेपाच लाख मतदार परदेशात राहणारे. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा जन्मही तिकडचाच. २०२२ च्या कायद्यानं नातवंडांना नागरिकत्वाचा रस्ता खुला केल्यापासून यादी वाढतेच आहे. बाईंचा भाऊ या यादीत आहे, त्याची मुलगीही आहे. तिनं गॅलिसिया अजून पाहिलेलं नाही.